हीटरच्या जागी शेगडी

१२ जून २०२१, फुट्सक्रे

हीटर फ्लॅटबरोबर फुकट आला होता. जुना, भिंतीतला, गॅसचा. काचेआड निळी ज्योत. फुकट म्हणून मी खूश. त्याची खरी किंमत आता कळली: मीनाची दोन हिवाळ्यांची डोकेदुखी, उगाच बदललेला चष्मा, नाकात घातलेल्या कोविडच्या काड्या (दर वेळी निगेटिव्ह), आणि माझं ठरलेलं वाक्य, "घरात बसून कंटाळलीस, बाकी काही नाही."

आमची इरा वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. परवा फोनवर तिने आईला विचारलं, हीटर चालू असतानाच दुखतं का? मीना म्हणाली, हो ग, नदीवर चालायला गेले की उतरतं. त्यापुढे लेक माझ्यावर इंग्रजीत ओरडली. "बाबा, टर्न इट ऑफ. ओपन द विंडोज. नाउ!"

दोघांचं रक्त घेतलं इमर्जन्सीत. मीनाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड. ऑक्सिजन लावला, संध्याकाळी घरी सोडलं. डॉक्टर फोनवर इराशीच बोलले. माझं काय निघालं ते मी विचारलं नाही.

काल गॅसवाला आला. हीटर कायमचा बंद.

१३ जून

परवाचा गॅसवाला हरजीत, लुधियान्याचा. हातातलं मीटर हीटरपाशी धरून म्हणाला, "अंकलजी, रसोई का पंखा चलाना ज़रा." चालवला. मीटर बोंबलायला लागलं.

फोडणीचा वास जिन्यात जाऊ नये म्हणून आमचा पंखा कायम फुल. थंडी येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी टेपने बुजवलेल्या, दाराखाली जुन्या साडीची वळकटी. ही कारागिरी माझीच. आत हवा यायला वाट नाही, मग पंख्याने ती धुराड्यातून ओढली, आणि वर जाणारा गॅस खोलीत.

"आपने तो पूरा डिब्बा पैक कर दिया," हरजीत म्हणाला. हसला नाही.

मीना म्हणाली, "आणि तुम्ही म्हणायचात, आवाज कसा ठणठणीत आहे हीटरचा."

म्हणायचो. रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीचं दुखणं मी बॉनेट न उघडता सांगतो. याच कानांवर गॅरेज उभं केलं. गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य, "आय हिअर एव्हरीथिंग, मेट." खोटं नाही ते. या कानांतून काही सुटत नाही.

१६ जून

पुण्याहून वहिनींचा फोन. दादाला जाऊन महिना होऊन गेला. त्याच्या अस्थी अजून त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, खुंटीला टांगलेल्या. घरात ठेवत नाहीत म्हणून. मुलगा नाही त्याला. विसर्जनाला मीच.

"भाऊजी, तुम्ही याल तर थांबते. नाहीतर जावई करतील म्हणालेत. तुम्ही सांगाल तसं."

सांगतो म्हटलं. कोविडमुळे या देशातून बाहेर पडायला सरकारची परवानगी लागते, परत कधी येऊ देतील कुणाला माहीत. हे सगळं खरं आहे. तरी कारण ते नाही. दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका टोयोटाखाली होतो. बाहेर आलो, ऐकलं, परत खाली गेलो, काम संपवलं. सगळे म्हणाले काय खंबीर माणूस. तेव्हापासून आत काही हललेलं नाही. कापूस भरल्यासारखं.

मग हरजीत म्हणाला ते आठवलं. या गॅसने माणूस सुन्न होतो, अंकलजी.

असं आहे तर. हीटरच होता. उतरेल आता.

२१ जून

इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, घर म्हणजे बर्फाचा कारखाना. मीना स्वेटरवर स्वेटर, वर माझं गॅरेजचं जाकीट घालून मीटिंगला बसते. कॅमेऱ्यात गळ्याच्या वरचंच दिसतं म्हणे.

तिला खरी लाकडाची शेगडी हवी. बॉडी कॉर्पोरेटच्या, म्हणजे बिल्डिंगच्या सोसायटीच्या, बाईंना फोन केला. हसून म्हणाल्या, दुसऱ्या मजल्यावर लाकडं? नो वे, डार्ल. गॅसचंही नवीन नको, धुराडं सगळ्या बिल्डिंगचं एक. राहिली विजेची. दिसायला लोखंडी शेगडी, चार पाय, दार, आत खोटा जाळ.

मीना म्हणाली, "आपलं टार्निटचं बैठं घर विकलं नसतं तर…"

मी भिंतीचं माप घ्यायला उठलो.

४ जुलै

शेगडी मागवली. कंटेनर बंदरात अडकलाय. वहिनींचा फोन. पाऊस सुरू झालाय, गच्चीवर पत्रा नाही, मडक्यावर प्लास्टिक बांधलंय. म्हटलं, वहिनी, इथे जरा घराचं काम निघालंय, ते झालं की ठरवतो.

"बरं," म्हणाल्या. "घराचं बघा आधी."

दादाने मला आयटीआयमध्ये घातलं. पहिल्या दिवशी स्वतः वर्गापर्यंत आला आणि मास्तरांना म्हणाला, हा बोलत कमी, ऐकतो जास्त. हे आज लिहिलं, म्हटलं बघू काही होतंय का. नाही.

१७ जुलै

परत लॉकडाउन. शेगडी नेमकी आता आली. दुकानवाल्याने गाडीच्या डिकीत ठेवली आणि लांब उभा राहिला. वर आणायला कुणाला बोलावता येत नाही. मीना एका बाजूने, मी दुसऱ्या. प्रत्येक वळणावर भांडण.

"तुमच्याकडे उचला!"

"माझ्याकडेच आहे सगळं वजन."

"मग मी काय धरलंय, हळदीकुंकवाचं तबक?"

खालचा म्हातारा ग्रीक दाराच्या फटीतून बघत होता. "गुड टीम," म्हणाला. मीना जिन्यात बसून हसत सुटली. खूप दिवसांनी.

हीटर होता तिथे भिंतीला हरजीतने पत्रा मारलाय. त्याच्यापुढेच मांडली.

१८ जुलै

लावली. ऊब बरी. जाळ लांबून खरा वाटतो. लाकडं तडतडल्याचा आवाजसुद्धा आहे, बारक्या स्पीकरमधून. पाच मिनिटांत कळलं, तेच तेच वाजतंय. दोन तडतड, एक फट्, मग शांत, परत दोन तडतड. मीनाला सांगितलं.

"मला नाही कळत. छान वाटतंय."

"नीट ऐक. आता फट्."

"अहो, बसा ना गुपचूप."

तिने वहिनींना व्हिडिओ कॉल लावून शेगडी दाखवली. दोघी दादाचं बोलायला लागल्या, मग दोघी रडल्या. मी चहा टाकला. फोडणी नसली तरी पंखा लावला. सवय.

शेगडीचा आवाज बंद करून टाकला.

२६ जुलै

मीनाची डोकेदुखी पूर्ण गेली. शब्द विसरायची, तेही थांबलं. भाजी निवडताना गुणगुणते.

इराला म्हटलं, तुझ्या आईचं उतरलं, माझं कधी उतरणार? अजून बधीरच आहे मी.

"तुझं काय उतरायचं?"

"गॅस."

मग अगदी हळू, चक्क मराठीत, "बाबा, तुझं रक्त नॉर्मल होतं. तू दिवसभर गॅरेजमध्ये असायचास. तुला काही झालंच नव्हतं."

बरं म्हटलं. चांगलंच आहे की मग.

३० जुलै

लॉकडाउन उठला. कामं तुंबली होती. एक माझदा, बेअरिंग गेलेलं. दारात शिरतानाच सांगितलं. गाडीवाली पोरगी थक्क.

मला काही झालंच नव्हतं.

८ ऑगस्ट

परत सगळं बंद. पुण्यात संततधार, मीना सांगते. प्रवासाच्या परवानगीचं पान कॉम्प्युटरवर उघडून ठेवलंय, भरलेलं नाही.

दुपारी ती म्हणाली, "या म्हणा किंवा जावयांना करू दे म्हणा. त्या बाईला ताटकळत ठेवू नका हो. दादांना तरी किती दिवस टांगून ठेवणार?"

म्हटलं, आज सांगतो. तिला शब्द दिला. ती आंघोळीला गेली. मी शेगडी लावून पुढ्यात बसलो. जाळ बघत. आवाज बंदच.

ती केस पुसत बाहेर आली. "अहो, किती वेळ फोन वाजत होता. मला आत, नळाच्या आवाजात ऐकू आला."

पाहिलं. वहिनी, दोनदा.

फोन माझ्या मांडीवर होता.