खांबाला बांधलेलं पोर

साहेब,

तुमच्या कपाळावर दगड मारला तो मीच. रगत बघून मला बरं वाटलं. पोलीस म्हणतात, माफी लिहून दे. ती माझा दीर लिहितोय. हे मी लिहितेय ते तुमाला धाडायचं नाय, म्हणून खरं लिहितेय.

उमरठच्या वर आमची वाडी. नवरा मुंबईला, सासू गुरांमागं रानात. स्वराज दीड वर्षाचा, अंगणवाडी एवढी लहान पोरं घेत नाय. पाळणाघराची खोली बांधलीत, पण बाईच्या पगाराला निधी नाय म्हणून कुलूप घातलंत. मी पोलादपूरला तुमच्या कचेरीत येऊन हात जोडले, तर तुमी हसलात. "आजवर तुमची पोरं वाढलीच ना?"

वाढली. खांबाला बांधून वाढली. पोर चुलीत जाऊ नये म्हणून लावणीला जाताना आमी सगळ्या बाया त्याच्या कमरेला लुगडं बांधतो. पलीकडच्या खांबाला बैल असतो.

त्या दिवशी बैल बिथरला. मी आले तवा त्याची शिंगं लाल होती. मी कोयता घेऊन त्याच्या मानेवर धावले, बायांनी तो हिसकून घेतला. मग पहारीनं पाळणाघराचं कुलूप फोडलं आणि तुमच्याकडं आले. आता तिथं वाडीतली पोरं खेळतात. एकेक बाई पाळीनं शेत सोडून बसते.

दगडाची माफी दीर लिहील, मी खाली सहीसुद्धा करीन. पण साहेब, बैलानं दावं तोडलं. स्वराजला त्याचं लुगडं तोडता आलं नाय. गाठ मी पक्की मारली होती.

स्वराजची आई,
नूतन