जोड दिसता कामा नये

३ मार्च, सकाळी ८
कादंबरीवरचा निबंध परत आला. चाळीसपैकी नऊ. मॅडमनी समासात लिहिलंय, अवतरणं दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतायत. वर म्हणाल्या, वाक्यात अशी मुरवा की जोड दिसता कामा नये. पंधरा तारखेला पुन्हा द्यायचा. शेवटचा चान्स. गेल्या वर्षी याच विषयात आपटलो. पुन्हा आपटलो तर बाबांच्या टेलरिंगच्या दुकानात बसायचं, असं ठरलंय. मला न विचारता.
संकल्प: कादंबरी पहिल्यापासून वाचायची. रोज चाळीस पानं.

५ मार्च
पान चार. अजून घराचंच वर्णन चाललंय. इकडे आमच्या घरात मशीनची खडखड. अशाने साहित्य होत नसतं.

९ मार्च
मॅडमना अवतरणं हवीत, आख्खी कादंबरी नव्हे. लायब्ररीतून तीन टीकाग्रंथ आणले. त्यांत निवडक वाक्यं आयतीच आहेत, वर त्यांचा अर्थही. याला रिसर्च म्हणतात. ताई हसली. हसू दे.

१२ मार्च, दुपारी
तीनच दिवस उरले आणि 'लेखिका म्हणते' तेवीस वेळा झालंय. बाबा कोट शिवत होते. शिवण दिसू नये म्हणून काय करता, असं सहज विचारलं. म्हणाले, दोरा कापडाच्या रंगाचा घ्यायचा, टाके आतून घालायचे.
डोक्यात लख्ख प्रकाश!

१२ मार्च, संध्याकाळी
सगळी अवतरणचिन्हं उडवली. 'लेखिका म्हणते' उडवलं. टीकाकारांची नावं, पान नंबर, सगळं साफ. आता शोधा म्हणावं जोड! ताईने वाचलं. म्हणाली, सगळं तूच लिहिल्यासारखं वाटतंय. जन्मात पहिल्यांदा कौतुक. चेहरा मात्र का पाडला, कळलं नाही. जळत असेल.

१५ मार्च
दिला. छत्तीस तरी कुठे जात नाहीत.

२० मार्च
केबिनमध्ये बोलावलं. विभागप्रमुखही होते. टेबलावर माझा निबंध आणि तेच तीन ग्रंथ, पानापानांत खुणेचे कागद. कोणी ओरडलं नाही, म्हणून जास्त घाबरलो. मॅडमनी लाल पेन माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, तुझं स्वतःचं वाक्य असेल त्याखाली रेघ मार.
नऊ पानं. एकेक पान उलटत गेलो. शेवटच्या पानावर एक सापडलं: वरील विवेचनावरून हे स्पष्ट होते. रेघ मारली.
विभागप्रमुखांनी विचारलं, काय स्पष्ट होतं?
मी पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं.

२४ मार्च
शून्य. नऊ परवडले असते.

२५ मार्च, सकाळी ९, दुकान
बाबा रागावले नाहीत. पहिलं काम दिलं: आलेल्या प्रत्येक कापडाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचायची, कपडा शिवून त्याच्या हातात पडेपर्यंत काढायची नाही. मी म्हटलं, अठराच तर आहेत, लक्षात राहतील. बाबा म्हणाले, एकाचं कापड दुसऱ्याला गेलं की लोक आपल्याला चोर म्हणतात.
त्यांना केबिनमधलं काहीच माहीत नाही. मी फक्त नापास झालो एवढंच सांगितलंय.
अठरा चिठ्ठ्या लिहिल्या. मान खाली होती, म्हणून बाबांना डोळे दिसले नाहीत. अक्षर चांगलं आहे म्हणाले.