स्टेअरिंगवरची पितळी दांडी

बाबा, तुमची मोटार मी खोलली. तुम्ही असता तर गावभर बोंब मारली असती. तुम्ही नाही, म्हणूनच खोलता आली. इंजिनात ठिणगी केव्हा पडावी हे तुम्ही स्टेअरिंगवरच्या त्या पितळी दांडीनं ठरवायचे. सुरू करताना दांडी मागे, म्हणजे ठिणगी उशिरा. गाडीनं वेग घेतला की दांडी पुढे. ‘इंजिन कानानं चालवा लागते,’ असं पांढुर्ण्यात भेटेल त्याला ऐकवायचे. कसला डोंबलाचा कान हो? रामाकोन्याच्या रस्त्यावर गप्पा हाणताना दांडी हलवायचंच विसरायचे. मग इंजिन तापायचं, वाफा निघायच्या, पेट्रोल भसाभसा जायचं. आणि दोष कोणाला? पेट्रोलवाल्याला, रस्त्याला, आणि कोणीच सापडलं नाही तर आईला.

पोळ्याचा तो दिवस मी विसरलेली नाही. लोक बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, आणि तुम्ही मोटारीवर झूल टाकून, बॉनेटला बेगड चिकटवून ती बैलांच्या रांगेत नेऊन लावता. लोक हसतात, तुम्हाला ते कौतुक वाटतं. मी तुमच्या शेजारी बसलेली आहे. पोळा फुटतो, जो तो बैल घेऊन घरी निघतो, आणि आपली मोटार आपल्याच दारापुढे येऊन बंद पडते. आई ताट घेऊन येते, मोटारीला कुंकू लावते. पुन्हा सुरू करायला समोरचं हॅन्डल हातानं फिरवावं लागतं, पण तुम्ही खाली उतरत नाही. पांढऱ्या कपड्यांना ग्रीस लागेल ना! ‘हं, घुमव हॅन्डल,’ तिलाच म्हणता. आई ताट ओट्यावर ठेवते, नव्या लुगड्यानिशी चारचौघांत वाकते. दांडी पुढेच आहे, मला दिसते आहे. ‘बाबा, दांडी...’ मी म्हणते. ‘तू चूप बस!’ ठिणगी वेळेआधी पडली, हॅन्डल उलटं फिरलं आणि आईचं मनगट मोडलं. ती मातीत बसली, तेव्हा तुम्ही आधी काय केलं? गुपचूप दांडी मागे ओढली. मग उतरून सगळ्यांसमोर ओरडला, ‘आंगठा असा धरतेत का? अक्कल नाही तुले!’ ‘मीच चुकली,’ आई म्हणाली. मी तिला खरं सांगितलं, तर मलाच म्हणाली, ‘बापाबद्दल असं बोलू नाही.’ तिचं मनगट वाकडं बसलं ते बसलंच. अजून पोळी लाटताना लाटणं एका बाजूला कलतं. नीच होता तुम्ही, बाबा.

आता सौंसरला माझं गॅरेज आहे. हो, पोरींनी मशीनला हात लावू नये म्हणायचे ना, त्याच पोरीचं. तुमच्या इंजिनावर मी आपोआप वेळ साधणारा डिस्ट्रिब्युटर बसवला. त्यात स्प्रिंगांनी आवळलेली लहान वजनं असतात. इंजिन हळू फिरतं तेव्हा ती मिटून बसतात, ठिणगी उशिरा पडते. वेग वाढला की बाहेर फाकतात आणि ठिणगी लवकर पडते. चढावर धाप नाही, वाफ नाही, पेट्रोलही कमी लागतं. आणि त्या वजनांना तुमच्यासारखा तोरा नाही. दांडी मी शोभेला तशीच ठेवली. तिला इंजिनाशी जोडणारी तार मात्र कापून टाकली.

हॅन्डल अजून हातानंच मारावं लागतं. आईला घेऊन मोहगावला निघाली तेव्हा मी समोर वाकली, आणि काचेतून पाहते तर आई पुढे झुकून, त्या वाकड्या हातानं दांडी मागे ओढून बसलेली.

‘अवं आई, तार कापली मी. आता काही होत नाही.’

‘माहीत हाय मले. तू घुमव. मी धरून राहिली न.’

तेव्हापासून ती दरवेळी धरते. पोरीचा हात मोडू नये म्हणून. तुम्हाला बायकोसाठी एवढंही जमलं नाही.

हा कागद मोटारीत ठेवणार होती. नाही ठेवत, त्या गाडीत आता तुमचं काहीच नको. फक्त एक सांगते. तार मीच कापली आहे, तरी आईनं दांडी धरलेली दिसेपर्यंत मी हॅन्डलला हात लावत नाही.