तुमच्या भांडणात मला जागा नव्हती

प्रिय एलेनी,

सेविम परवा सायप्रसला, लार्नाकाला निघते आहे. तुझ्या चाळिसाव्याच्या प्रार्थनेला. काल घरी येऊन म्हणाली, "शमीम, तुला तिच्यासाठी काही लिहून द्यायचं असेल तर दे. कबरीपाशी ठेवीन."

म्हणून लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. तुला मराठी येत नव्हती, ठाऊक आहे. पण ती सेविमलाही येत नाही. आपण दोघी इतकी वर्षं इंग्रजीत बोललो, आणि इंग्रजीत मी फार समजूतदार असते. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी ती भाषा मला 'प्लीज' आणि 'सॉरी'सकट शिकवली. आज मला समजूतदार व्हायचं नाही.

जायला मी हवी होते, आणि जाते आहे ती. हे माझ्या घशाखाली उतरत नाही. मला व्हिसा हवा, नवऱ्याच्या कंपनीचे कागद हवेत, परत येण्याचा परवाना हवा. तिच्याकडे, तुर्की असूनही, तुमच्याच सरकारचा पासपोर्ट आहे. बॅग भरली की निघाली. आठवतं, त्या पासपोर्टवरून तू तिला कशी टोचायचीस? "आमचा पासपोर्ट चालतो, आम्ही चालत नाही." आणि ती म्हणायची, "तुमचा कुठला? अर्धा माझा आहे. तुम्ही सगळाच गिळून बसलात."

मी तेव्हा ट्रे घेऊन दोघींच्या मध्ये उभी असायचे. चहा कुणाला आधी द्यावा, हाच माझा त्या भांडणातला वाटा.

ती यायच्या आधी तू माझी होतीस, एलेनी. सौदीतल्या जुबैलच्या या कंपाउंडमध्ये आपली दोन घरं भिंतीला भिंत लावून होती. माझा अश्रफ आणि तुझा नवरा रास अल खैरला समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात, पहाटे एकाच बसने जायचे. मग दिवस आपला. तुझी ईस्टरची लाल अंडी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पातेल्यात, कांद्याच्या सालांत रंगायची, कारण तुझ्या पातेल्यांना डाग पडलेले तुला चालत नसत. माझ्या ईदच्या शेवया तू वाटीला बोट लावून संपवायचीस. हुफूफला खजूर आणायला गेलो तेव्हा बागेतल्या म्हाताऱ्याने आपल्याला बहिणी समजून जास्तीची मूठ दिली होती. मी कितीतरी दिवस त्या मुठीवर जगले.

मग पलीकडच्या गल्लीत सेविम राहायला आली. तिचा नवराही त्याच कारखान्यात. मला वाटलं, ही तुर्की, माझ्यासारखी मुसलमान, नमाजाला, इफ्तारला सोबत होईल. मीच तिला तुझ्याकडे घेऊन आले. कुणी सांगितलं होतं मला?

तिने पुदिना घातलेलं चीज आणलं होतं, घडी घातलेलं. तू बशीवरचा रुमाल उचललास आणि म्हणालीस, "वा, हलूमी."

ती म्हणाली, "हेल्लिम."

तू म्हणालीस, "हलूमी. माझ्या आजीने मला हेच नाव शिकवलं."

"तुझी आजी माझ्या आजीकडून शिकली असेल."

मला वाटलं, थट्टा आहे. मी हसले. माझ्याकडे दोघींनी असं काही पाहिलं की मी बशा उचलून आत गेले.

मग गावाचं निघालं. तू तुझ्या गावाचं नाव सांगितलंस. सेविमने त्याच गावाचं दुसरं, तुर्की नाव सांगितलं. तू अकरा वर्षांची असताना तुर्की फौज आली आणि तुम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी दक्षिणेला पळालात. ती लहान असताना, दक्षिणेतल्या डोंगरातलं घर आणि द्राक्षांचा मळा टाकून, तिचे लोक उत्तरेला पळाले. बेटाचे दोन तुकडे झाले आणि रिकाम्या घरांत माणसं भरली गेली. "चर्चच्या मागचं, निळ्या जिन्याचं घर?" तू विचारलंस. ती म्हणाली, "तिथे माझा मामा राहतो."

मला वाटलं, आता हिला तू हाकलून देणार. खरं सांगते, मला तसं हवं होतं. तू मात्र उठलीस, तिच्यासमोर जाऊन बसलीस आणि विचारलंस, "जिन्याची चौथी पायरी अजून हलते का?"

त्या दिवसापासून तू माझी उरली नाहीस.

रोज भांडायचात. घर कुणाचं, पहिली गोळी कुणी झाडली, कुणाचे काका विहिरीत सापडले आणि कुणाचे सापडलेच नाहीत. आवाज चढला की इंग्रजी सुटायची आणि तुम्ही ग्रीकमध्ये शिरायचात. सेविमची आई तिकडे दक्षिणेत ग्रीक शेजाऱ्यांत वाढलेली, म्हणून तिला ती यायची, आणि तू तिच्या गावंढळ उच्चारांवर टेबल बडवून हसायचीस. दार आपटून ती निघून जायची. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तू खिडकीशी घुटमळायला लागायचीस. मी समोर बसलेली असायचे, ताजी नानकटाई घेऊन. तू म्हणायचीस, "डार्लिंग, ती मूर्ख बाई आज आली नाही वाटतं?"

माझ्याशी तू एकदाही भांडली नाहीस. एकदाही! मी तुझी चिनी मातीची सुरई फोडली, तेव्हा म्हणालीस, "इट्स नथिंग, डार्लिंग." तिने तुझ्या कॉफीला 'तुर्की कॉफी' म्हटलं, तर आठवडाभर तू पेटलेली होतीस. तिला तू 'मोरी' म्हणायचीस. अर्थ विचारला तर सांगेनास. तुझ्या मुलीने, देस्पिनाने, हसत सांगितलं, "आंटी, ते 'अगं ए येडे' म्हटल्यासारखं आहे. परक्या बाईला कुणी म्हणत नाही." मी 'डार्लिंग'. डार्लिंग तर तू कंपाउंडच्या मॅनेजरच्या बायकोलाही म्हणायचीस.

एकदा मीही प्रयत्न केला. म्हटलं, आमच्याकडेही फाळणी झाली. माझे थोरले चुलते कराचीला गेले ते परतले नाहीत. तू माझा हात हातात घेतलास, "हो ना गं, किती वाईट," म्हणालीस. सेविमनेही मान हलवली. आणि दोघी पुन्हा निळ्या जिन्याकडे वळलात. श्रीवर्धनला आमचं घर शाबूत आहे, नारळाची वाडीही आहे. कुणी ते हिसकावलं नाही, म्हणून तुमच्यात मला जागा नाही, असं मला वाटलं. घर गेलेल्या माणसांचा हेवा कुणी करतं का? मी केला.

आणि तुझं आजारपण. दम्मामच्या हॉस्पिटलातून तुला घरी आणलं त्या दिवशी मी तुझी नजर काढायला मीठ-मिरच्या घेऊन आले. आमची अम्मा काढायची तशी. तू डोळे मिटून शांत बसलीस, मग म्हणालीस, "थँक यू, डार्लिंग." एवढ्यात ती आली. तिच्या हातात बशी, बशीत ऑलिव्हची सुकी पानं. तुमच्या गावची. पेटवली आणि धूर तुझ्या डोक्याभोवती फिरवत तुर्कीत पुटपुटायला लागली.

तू डोळे उघडलेस. "उलटं फिरवतेयस!"

"माझी आई असंच फिरवायची."

"म्हणूनच तुमच्यावर ही वेळ आली. इकडून, मोरी, इकडून फिरव!"

तू तिच्या हातातून बशी ओढायला गेलीस, पानं सतरंजीवर सांडली, भसकन धूर झाला आणि छतावरचा अलार्म कोकलायला लागला. गेटवरचा नेपाळी सिक्युरिटीवाला धावत आला. "मॅडम, क्या जल रहा है?" सेविम म्हणाली, "सायप्रस." तू इतकी हसलीस की खोकल्याने निळी पडलीस. केमो सुरू झाल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी मिरच्यांची ताटली घेऊन भिंतीशी उभी. नजर मीच आधी काढली होती, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

तुला मायदेशी नेताना विमानतळावर व्हीलचेअरमधून तू माझा गाल कुरवाळलास. म्हणालीस, "माझ्याशी इतकं चांगलं कुणीच वागलं नाही." सेविमला काय म्हणालीस ठाऊक नाही, ग्रीकमध्ये होतं. पण तिने तुझ्या खांद्यावर थापट मारली, आणि वळून रडली ती गाडीत बसेपर्यंत. मी तिला टिश्यू दिले. तिने विचारलंही नाही की मला हवेत का.

आता कालचं सांगते.

देस्पिनाने कळवलं आहे की तुला तुझ्या निळ्या जिन्याच्या घराच्या अंगणातली माती हवी होती, कबरीवर घालायला. ती आणायचं तू सेविमला सांगितलं होतंस. विमानतळावर तेच बोललात का? सेविम माझ्या सोफ्यावर बसून मामाला फोन करत होती. आधी गोड बोलली, मग ओरडली. मग फोन छातीशी धरून मला सांगितलं, "म्हणतो, आज माती मागतात, उद्या दार मागतील."

तिने पुन्हा फोन कानाला लावला आणि त्याला चांगलंच झापलं. नंतर मला म्हणाली, बेटाची मधली सरहद्द खुली झाली तेव्हा हाच मामा दक्षिणेत जाऊन त्याच्या आईच्या कबरीवरची माती डब्यात भरून घेऊन आला होता. कुणी अडवलं नव्हतं. उलट त्याच्या जुन्या घरातल्या ग्रीक बाईने डबा दिला होता. हे तिने त्याला ऐकवलं होतं.

तुझ्यासाठी ती स्वतःच्या माणसांशी भांडली, एलेनी. मी कुणाशी भांडू? तुझ्या वाटेत माझं कुणीच उभं नाही.

चहा झाला तोवर मामाचा फोन आला. ती ऐकत राहिली, मग हसू की रडू असं तिचं झालं. "म्हणतो, ये, ने माती. पण तिला सांग, अंगणातलं लिंबाचं झाड मी लावलंय." तिने फोन ठेवला. "आता कुणाला सांगू मी हे? ती काय म्हणाली असती माहितेय..."

मला माहीत होतं तू काय म्हणाली असतीस. इतकी वर्षं ट्रे घेऊन उभी होते, बहिरी नव्हते. मी म्हटलं, "त्याला विचार, झाड लावलं ते कुणाच्या जमिनीत?"

सेविमने मान वर केली. मला वाटलं, दुखावली. तिचे कान लाल झाले. "कुणाच्या जमिनीत? आणि आमच्या मळ्यात आज कुणाच्या बकऱ्या चरतात, ते नाही विचारत?"

"मळा तुम्ही सोडून गेलात."

"सोडून? शमीम, आम्हाला ट्रकमध्ये घातलं होतं!"

"आणि एलेनी काय सहलीला गेली होती?"

अश्रफ आतून डोकावला, "काय झालं गं?" आणि आम्हा दोघींचे चेहरे बघून परत गेला. संध्याकाळची, मगरिबची अजान झाली तरी आमचं चाललंच होतं. मी बऱ्याच ठिकाणी चुकले. सालं माहीत नव्हती, गावांची नावं उलटसुलट झाली. तिने एक-दोनदा माझी चूक दुरुस्त केली, तुझ्या बाजूची, आणि पुन्हा त्याच मुद्द्यावरून माझ्याशी भांडली. दारात चपला घालताना म्हणाली, "परत आल्यावर बघते तुझ्याकडे."

ती मला आवडायला लागली आहे, असं समजू नकोस. माती तिच्याच हातून पडणार, हे मला अजूनही बोचतं आहे. तुझ्या मुलीने तिलाच बोलावलं, तेही. पण ती गेल्यावर मी देस्पिनाला फोन लावला आणि सगळं नीट विचारून घेतलं: तुमचं शेत कुठवर होतं, विहीर कुठे, तुझे वडील कुठल्या वाटेने निघाले.

तर तुला एक वचन देते. सेविम परत आली की ती इथे येऊन बसेल, आणि तुझ्या घरावर, तुझ्या चीजवर, तुझ्या कॉफीवर हक्क सांगेल. तेव्हा मी गप्प बसणार नाही. तुझी बाजू या कंपाउंडमध्ये रिकामी राहणार नाही. चुकत-माकत का होईना, मी ती लढवीन, आणि तिला एकही गोष्ट फुकट जिंकू देणार नाही.

तुझीही,
शमीम