साक्षीचा मसुदा

रविवार, २ फेब्रुवारी
आजपासून मागच्या बाकावर मुकाट बसणं बंद. सोलापूरच्या हॉस्पिटलात बायकोला, प्रेमाला, ऑपरेशनला आत नेताना देवाला शब्द दिला होता: ही वाचली तर मुरुम गावच्या आमच्या चर्चमध्ये मंडळीसमोर उभा राहून तुझे उपकार मानीन. ही वाचली. आता भाकरी खाते, माझ्या चुका काढते. म्हणजे पूर्ण बरी.
पाळकसाहेब म्हणाले, हात वर करून देवाची स्तुती करा. सगळ्यांनी केले. मी मनात केले. देव अंतर्यामी आहे.
प्रेमाचं म्हणणं, हात खिशात होते.

बुधवार, ५ फेब्रुवारी
साक्षीचा, म्हणजे मंडळीसमोर देवाचे उपकार सांगायच्या भाषणाचा, मसुदा सुरू. वीस वर्षं पेपरला बातम्या पाठवतोय, वर संस्कृत शिकलेला; दोन मिनिटांचं काम. पहिलं वाक्य: ‘हे करुणासिंधो, तुझ्या अहेतुक अनुग्रहाने.’ प्रेमाला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “ह्यात मी कुठं हाय?”
तिसऱ्या पानावर येणार आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी
उभा राहिलो! नेमका त्याच क्षणी पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला आणि सगळी मंडळी उभी राहिली. गीत संपल्यावर सगळ्यांबरोबर बसलो. उभं राहण्याचा भाग पार पडला, अशी नोंद करतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
घसा जपतोय. मिठाच्या गुळण्या चालू. मसुदा पान सहा. प्रेमा अजून आलेली नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
कागद खिशात. पाळकसाहेबांनी विचारलं, साक्ष कोण देणार? मी चष्मा पुसत होतो. तेवढ्यात प्रेमा उठली. “देवानं मला वाचवलं, त्याचे उपकार. आमच्या ह्यांचं तोंड तेवढं उघडंना. मंडळीनं प्रार्थना करावी.” बसली.
साक्षीला ना प्रस्तावना, ना समारोप. तरी ‘आमेन’ छपराला लागला.
बाहेर मंडळीतल्या कडूबाईंनी हात धरला. वय ऐंशी. “भाऊ, तुमच्या तोंडासाठी उद्यापासून उपास धरते. तुमी उपकार मानल्याबिगर म्या अन्नाला शिवणार न्हाय.”
भावनेच्या भरात बोलल्या असणार.

बुधवार, १९ फेब्रुवारी, सकाळी
भावनेच्या भरात नव्हत्या. तिसरा दिवस, नुसतं पाणी. पाळकसाहेबांचा फोन: रविवारपर्यंत म्हातारी टिकायची नाही, आजच काय ते उरका. म्हणजे माझ्या वाक्यरचनेवर आता एक जीव अवलंबून. आणि समारोप अजून जमत नाहीय.

संध्याकाळी सात
प्रेमानं कडूबाईंच्या ओसरीवर नेलं. निम्मी मंडळी आधीच जमलेली. कागद काढला. अक्षरं दिसेनात, उजेड कमी असावा. तोंडातून एवढंच निघालं, “देवा, माझी प्रेमा मला परत दिलीस.” कागद परत खिशात घातला.
मग कडूबाईंनी आमेन म्हटलं, भाकरी मागवली, आणि पहिला घास मोडता मोडता माझ्याकडं बघून म्हणाल्या, “एवढ्यासाठी मला तीन दिस उपाशी ठिवलं व्हय?”