तंगरासूचा बंद फोन

नामक्कल,
शनिवार

प्रिय पूंकोडी,

फोन हाताशी असताना अम्मानं पत्र का पाठवलं, असं तुला वाटेल. परवा तू फोनवर इतकी रडत होतीस की मला मध्ये एक शब्द घालता आला नाही. आला असता तरी मी खरं बोलले नसते. कागदावर मला सावकाश बोलता येतं.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलं. तंगरासू लॉरी घेऊन निघाला की फोन बंद करतो, चार-चार तास लागत नाही. लग्न ठरल्यावर दिवसभर बोलायचा, आता गाडीत बसला की संपलं. तुझी शेजारीण वळ्ळी म्हणाली, "ड्रायव्हरचा फोन इथे बंद म्हणजे दुसरीकडे चालू गं पोरी," आणि ते तुझ्या डोक्यात बसलं. गुरुवारी तो विजयवाड्याहून परत निघेल, तेव्हाही फोन बंद लागला तर बॅग भरून माझ्याकडे येते म्हणालीस. पत्र त्याआधी संकगिरीला पोचावं म्हणून आजच टाकते.

इकडे तसं ठीक आहे. उन्हामुळे कोंबड्यांच्या शेडवर अंडी कमी येतात, मोजून ट्रेमध्ये लावायचं काम दुपारीच संपतं. मग मी वाचनालयात जाते. तिथल्या बाई मला आता दोनाऐवजी तीन पुस्तकं देतात. म्हणतात, "पावायी, तू निदान परत तरी आणतेस." तुझ्या दुसरीच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकत होते, तेव्हा तुझे अप्पा हसायचे. "बरं झालं, आता रस्त्यावरचे बोर्ड तू वाच, मी डोळे मिटून गाडी हाकतो." शाळेतून आलीस की तू माझी वही तपासायचीस आणि लाल पेन्सिलीनं फुल्या मारायचीस. ती वही अजून आहे.

आपल्या गल्लीतली रिंगांची भाषा तुला थोडीफार आठवत असेल. बोलायला पैसे पडायचे, म्हणून सगळ्या लॉरीवाल्यांच्या बायका नुसत्या रिंगा द्यायच्या. नवऱ्याची एक रिंग आली की सगळं ठीक, दोन आल्या की जेवलो. घरून तीन गेल्या तर त्याचा अर्थ, परत कधी? त्यावर एक आली तर उद्या, दोन आल्या तर परवा. उत्तर लगेच यायला हवं, नाही आलं तर तो बायकोचा अपमान. दुपारी ओट्यावर बसलेल्या बायका ताटकळणारीला सोडायच्या नाहीत. अप्पांचं उत्तर लांबलं की मला म्हणायच्या, "सेंगोडन विसरला गं तुला, होसूरला वाढणारी भेटली असेल." मीही हसायचे आणि पुन्हा रिंग द्यायचे. आम्हाला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या गल्लीतले ड्रायव्हर गाडी चालवताना फोन कानाला लावतात, आमचे नाही, असं आम्ही सांगायचो. बोलत नाही म्हणजे फोनवर नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. बटण दाबायला नजर खाली जाते, हे आमच्यातल्या एकीच्याही मनात आलं नाही.

आता तंगरासूचं. पोंगलला तुम्ही दोघं आलात, तेव्हा तो मला शेडवर सोडायला निघाला होता. मी लॉरीत त्याच्या शेजारी बसले होते. वाटेत तुझा निरोप वाजला. त्यानं फोन उचलून खाली पाहिलं. मी मनात आकडे म्हणू लागले. पाचापर्यंत गेले तरी त्याची मान वर आली नव्हती. मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. तो म्हणाला, "अत्तै, शेडवर पोचलात का एवढंच विचारलंय तिनं. हो म्हणून टाकतो, दोन अक्षरं." मी फोन काढून घेतला आणि सीटमागच्या हत्यारांच्या पेटीत टाकला. म्हटलं, चाक फिरतंय तोवर हा बंद करून इथेच ठेवशील, शब्द दे. त्यानं दिला. मग विचारलं, "पूंकोडीला काय सांगू?" मी म्हटलं, काही सांगू नकोस, माझं नाव तर नकोच. "मग ती मला ओट्यावर झोपवेल, अत्तै," म्हणाला आणि हसला. तेव्हापासून तो तुझी बोलणी खातो आहे, पण माझं नाव त्यानं घेतलं नाही. गाडी थांबली की पहिला फोन तुलाच येतो, हे तूच मला सांगितलंस.

माझं नाव का नको, ते आता सांगते. अप्पा कृष्णगिरीजवळ उभ्या टँकरवर आदळले. टँकरचे दिवे बंद होते, असं सगळे म्हणाले. अकरा वर्षं मीही तेच म्हणत आले. दुपार होती, दिव्यांची गरज नव्हती. त्या दिवशी मी त्यांना तीन रिंगा दिल्या. उद्या येणार असतील तर इडलीचे तांदूळ भिजत घालावेत, इतकंच काम होतं. उत्तर आलं नाही. बायका हसल्या. मी पुन्हा तीन दिल्या. मग एक रिंग आली. उद्या. मी उठले आणि तांदूळ भिजत घातले. पुढे पोलिसांचा कागद आला. नातेवाईक तो नुसता घडी करून ठेवायला निघाले होते, मी मागून घेतला आणि बोट ठेवून वाचला. अपघाताची वेळ चार वाजून बारा मिनिटं. माझ्या फोनमध्ये त्यांच्या रिंगेची वेळही तीच होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तंगरासूलाही नाही. तुलाही सांगितलं नसतं, पण माझं झाकायला तो तुझ्या नजरेतून उतरतो आहे. तुला जे बोलायचं ते मला बोल, मी ऐकेन. गुरुवारी तू लावशील आणि त्याचा फोन बंद लागेल. लागू दे. तेव्हा तो रस्त्याकडे बघत असेल.

रागावलीस तरी तुझीच,
अम्मा