वरच्या मजल्याची व्यवस्था

मी, क्रेझेन्स लेखलाइटनर, कै. आलोइस यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार हिंटरआऊ, तिरोल, राजीखुशीने हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुलांसाठी आहे. मला त्याची गरज नव्हती.

१. खालचं घर, गोठा व मागचं कुरण मुलगा गेबहार्ट आणि मुलगी इर्मगार्ट यांना समसमान. बापाला पुरल्यापासून सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. कुरण वाटून घेताना नाइलाजाने बोलतील.

२. आलोइसची सुतारकामाची हत्यारं शेजारी व्हिन्सेन्ट्स फाल्गर यास. हा गावातला बर्फ काढणारी गाडी चालवतो आणि एकवीस वर्षं रस्त्यावरचा सगळा बर्फ माझ्या कुंपणावर लोटत आला आहे. तरीही त्यालाच. कारण पुढे येईल.

३. वरचा फ्लॅट. आलोइसने तो स्की करायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधला. चाळीस वर्षं मी त्यांच्या चादरी धुतल्या. मग घर सोडून शहरात गेलेल्या इर्मगार्टने तिथूनच कारभार हाती घेतला, दाराला नंबरचं कुलूप लावलं आणि जाहिरातीत लिहिलं: 'छोटं, गर्दी नसलेलं गाव.' गर्दी कुठून असणार? अर्धी घरं सुट्टीपुरतं येणाऱ्यांची, खिडक्या वर्षातले दहा महिने बंद. शाळेतल्या वेरेना मोसब्रुगरबाईंना गावात भाड्याने एक खोली मिळेना, म्हणून त्या रोज चाळीस किलोमीटरवरून येत.

गेल्या फेब्रुवारीत हिमकडा कोसळण्याच्या भीतीने रस्ता बंद झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत सूप घेऊन गेले, तर बाई कसरतीच्या गाद्यांवर अंगात ताप घेऊन पडलेल्या. माझ्या डोक्यावर सहा पलंग रिकामे. मी इर्मगार्टला फोन करून कुलपाचा नंबर मागितला.

"आई, शनिवारपासून बुकिंग आहे. सगळं आवरून ठेवलंय मी."

"रस्ता बंद आहे. तुझे पाहुणे काय उडत येणार?"

"असा कुणालाही नंबर देता येत नाही."

"घर माझं आहे, इर्मगार्ट."

"कागदावर आहे गं. पण बघते तर सगळं मीच ना?"

गेबहार्टला फोन केला. तो म्हणाला, "मी तिच्या भानगडीत पडत नाही." हा मुलगा कधीच कशातच पडला नाही.

शेवटी व्हिन्सेन्ट्सला बोलावलं. कुऱ्हाड हातात धरून तो दाराकडे बघत उभा राहिला.

"आलोइसच्या हातचं दार आहे, क्रेझेन्स."

"मला माहीत आहे. मोड."

त्याने मोडलं, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता नवीन बसवून दिलं. किल्लीचं.

रस्ता उघडल्यावर वेरेना निघाली. मी म्हटलं, "राहा." ती म्हणाली, "लेखलाइटनरबाई, फुकट नाही राहणार." म्हटलं, "मग जिना झाड." अजून एकदाही धड झाडलेला नाही. बूट घालून वर जाते, सकाळी सहाला ट्रम्पेट वाजवते.

तरी माझी आज्ञा अशी: फ्लॅटची मालकी दोन्ही मुलांची, पण राहण्याचा हक्क वेरेनाचा, आणि तिच्यानंतर या शाळेत जो कोणी शिकवेल त्याचा. शाळा चालू आहे तोवर तो पाहुण्यांना देऊ नये, विकू नये.

४. साक्षीदार व्हायची व्हिन्सेन्ट्सची फार इच्छा होती. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष द्यायची नसते, असं नोटरी म्हणाले. तो रुसला आहे. रुसू दे.

५. गेल्या रविवारी इर्मगार्ट आली होती. वर दिवा बघून म्हणाली, "आई, खरं सांग. शिक्षिकेचं निमित्त आहे. तुलाच वरचं रिकामं घर खायला उठायचं ना?" मी तिला कॉफी घेतेस का विचारलं. पण इथे खाली सही करायची आहे, म्हणून लिहिते: हो. तू गेल्यापासून.

साक्षीदार: रोझविटा ड्रेक्सेल, स्की-लिफ्टची तिकीट खिडकी; क्विरिन वाल्ख, बेकरीवाला. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

हिंटरआऊ, ११ नोव्हेंबर २०२३

क्रेझेन्स लेखलाइटनर